आठ वर्षांचं अंतर

मिरजेच्या पेशीवंश प्रयोगशाळेत सायली कुंभोजकर तीस वर्षं रुग्णांच्या गाठी मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढत आली होती. आज तिच्याच गाठीचा निकाल होता. आठ वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कर्करोग झाला, बरा झाला; आता त्याच बाजूला पुन्हा गाठ.

"जुनाच निघू दे रे देवा," ती पुटपुटत होती. जुना रोग निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली ही पहिलीच बाई असेल!

कारण शेजारी बसलं होतं. मुलगी मनवा. चांद्रवसाहतीच्या तुकडीत तिची निवड झाली होती, निघायला चाळीस दिवस होते. नियम असा, की आईला दोन स्वतंत्र कर्करोग झाले तर मुलांची वारसा-तपासणी सक्तीची. दोष सापडला की चंद्र बंद.

"मॅडम, जुना की नवा हे कळतं कसं?" मनवाने विचारलं.

"पेशी स्वतःची नक्कल करते तेव्हा चुका होतात, आणि त्या पुढच्या पिढीत उतरतात," डॉ. बिल्कीस मुजावर म्हणाल्या. "आमचं वंशवाचक यंत्र त्या वाचतं. जुन्या गाठीतल्या चुका या गाठीत सापडल्या, तर ही तिचीच लेक. म्हणजे रोग उलटला. नाही सापडल्या, तर घराणंच वेगळं, रोग नवा."

"आणि उपचार?"

"आठ वर्षांपूर्वी त्या जुन्या गाठीवर चालून जायला घडवलेल्या आईच्या रक्षकपेशी आम्ही गोठवून ठेवल्यात. रोग जुना असेल तर आजच देऊ. नव्याकडे त्या ढुंकूनही बघणार नाहीत. नव्या घडवायला पाच महिने लागतात, म्हणून एकेक दिवस मोलाचा."

निकाल आला. शंभर टक्के जुळणी.

"सुटले गं बाई!" सायली रडू लागली.

"वेडी आहेस का आई? रोग उलटलाय आणि सुटले काय म्हणतेस?"

डॉक्टरांनी मात्र पुन्हा यंत्र चालवलं. पुन्हा तेच.

"सायलीताई, लेकीत आईच्या चुका असतातच, पण तिच्या स्वतःच्याही चार असतात. आठ वर्षांत एकही नवी चूक नाही? अशक्य! ही लेक नाही, आईच आहे. यंत्रात जुन्याच गाठीचा काप गेलाय. काप कुणी काढला?"

"मी."

"अहो, मी आज रक्षकपेशी दिल्या असत्या आणि ही गाठ आत वाढतच राहिली असती! कळत नव्हतं तुम्हाला?"

"तीस वर्षं झाली, डॉक्टर. सगळं कळतं."

"मग खरा काप कुठंय?"

"माझ्या कपाटात. परवाच वाचून पाहिला. एकही चूक जुळत नाही."

मनवा पांढरीफटक पडली. म्हणजे रोग नवा. म्हणजे चंद्र गेला, आणि कदाचित उद्या तिच्याही अंगात हेच. तिने बाही वर सारून हात डॉक्टरांपुढे धरला.

"तिचं रक्त नको हो! पाया पडते तुमच्या!" सायली ओरडली.

"गप्प बस!" मनवा कडाडली. "फसवून पाठवत होतीस मला? तू इथे मेली असतीस आणि मला वर नुसता निरोप आला असता! तिथून तीन वर्षं परत येता येत नाही, आई, तीन वर्षं!"

"म्हणून तर," सायली म्हणाली. "तुला बघावं लागलं नसतं."