रिकाम्या गाडीचं वजन

देवसिंग राठोडची छोटी पिकअप भीमराजच्या गॅरेजात यायची ती एकाच तक्रारीसाठी. गाडी चढण चढत नाही.

गॅरेज पांढरकवड्याबाहेर, हायवेच्या कडेला. समोरून हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग तुटत नसे आणि आत भिंतीला टांगलेले पाने सतत बारीक थरथरत असत. आवाज ऐकूनच रोग सांगणारे मिस्त्री भीमराजला आवडत नसत. तो आधी इंजिन उघडायचा, मोजायचा आणि मग तोंड उघडायचा.

देवसिंग तांड्यावरचा. पस्तिशीचा, हसरा गडी. जंगलपट्टीतल्या पोडांवर, त्या लहान आदिवासी वस्त्यांवर, किराणा, सिमेंट, बियाणं पोचवायचं आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं, हा त्याचा धंदा. वाटेत बैलमारीची चढण लागे. जाताना ती उतरण, म्हणून भरलेली गाडी झरझर जाई. येताना चढण, आणि गाडी निम्म्यात दम टाकी.

"रिकामी गाडी कशी काय थकते बे?" भीमराजनं विचारलं.

"मले काय माहीत, भीमभाऊ? बंदच पडते. मंग ब्रेकवर हळूहळू मागं घेतो, खाली निवाऱ्यापाशी लावतो. एक बिडी होईस्तोवर थांबतो. मंग चालू केली का हरणावानी वर जाते."

हा निवारा म्हणजे एसटीचा जुना थांबा. तिथलं गाव तलावाच्या कामात कधीच उठून दुसरीकडे गेलं होतं. मग एसटीही बंद झाली. सिमेंटचा बाक आणि वर स्लॅब एवढंच उरलं होतं. आत सागाची वाळलेली पानं साचलेली.

भीमराजनं इंजिन खोललं. दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन. पिस्टन, रिंगा, पंप, सगळं पाहिलं. कुठेही खोट नव्हती. त्यानं तसं सांगितलं, पण देवसिंग ऐकेना.

"नवीन गाडी घेनं मले झेपत नाई. तू मोठं इंजिन टाकून दे. कागदपत्राचं माह्यावर सोड. त्या चढणीवर मले थांबावं वाटत नाई, भाऊ."

"काहून?"

देवसिंगनं नुसती मान हलवली. "नाई वाटत," म्हणाला.

नागपूरच्या भंगारबाजारातून चार सिलिंडरचं इंजिन आणलं. एका निवृत्त मास्तरच्या जीपचं. भीमराज मास्तरशी स्वतः फोनवर बोलला. जीपला कधी अपघात नाही, काही नाही. चासी गंजली म्हणून मोडीत काढलेली. मास्तर ठणठणीत होता आणि बोलायला भारी हौशी.

काम किचकट निघालं. जुनं इंजिन साखळीला टांगून वर घेतलं तेव्हा खालची जागा फार लहान दिसली. चासीची आडवी पट्टी कापून पुढे सरकवली, इंजिन बसायचे नवे पाय वेल्ड केले, रेडिएटर पुढे घेतला. जीपचा गिअरबॉक्स लांब होता म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड करावा लागला. पुढचं वजन वाढलं म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जास्तीची पट्टी घातली. शेवटी किल्ली फिरवली आणि असा भरदार, गोल आवाज निघाला की देवसिंग शेडमध्ये दोन उड्या मारून नाचला. त्याच्या बायकोनं, अंजूनं, चाकाखाली नारळ फोडला.

पहिल्या फेरीहून येताना तो मुद्दाम गॅरेजसमोर थांबला. हॉर्न दाबून ओरडला, "एका दमात वर, भीमभाऊ! थांबलीच नाई!"

भीमराजला बरं वाटलं. आपल्या हातचं काम जमलं की वाटतं तसं.

काही आठवड्यांनी देवसिंग पुन्हा आला, तेव्हा हसत नव्हता.

"मांगून बसून राह्यली गाडी."

भीमराजनं लांबूनच पाहिलं. पिकअपचं मागचं अंग खाली गेलेलं. पाटे सपाट झालेले, टायर बाजूला फुगलेले. मोठं इंजिन पुढे बसवलं होतं. दबायचं तर पुढून दबायला हवं होतं. त्यानं मागचा फाळका पाडला. मागे काहीच नव्हतं. कोपऱ्यात सिमेंटची थोडी भुकटी आणि एक सुतळीचा तुकडा.

पाट्यांनी दगा दिला, असं म्हणून त्यानं पाटे बदलले. गाडी जॅकवरून खाली घेताच नवे पाटेही सपाट झाले.

"काट्यावर चाल," भीमराज म्हणाला.

जिनिंगजवळचा वजनकाटा किसनराव नावाचे म्हातारे गृहस्थ सांभाळत. कापसाच्या गाड्या मोजण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांच्या केबिनच्या खिडकीतून काटा नीट दिसत नसे. ते आकडा बघून बोलत. देवसिंग आणि भीमराज गाडीतून उतरून बाजूला उभे राहिले.

"अरे, माणसं उतरवा न मांगची," किसनराव आतूनच ओरडले.

"गाडी रिकामी हाये, काका."

"मंग आकडा काहून हलून राह्यला? मालाचा आकडा थांबते. असा लपलप करते तो जित्या माणसाचा. बसल्या जागी हलतेत न थे." ते चष्मा सावरत बाहेर आले. मोकळ्या गाडीकडे बघत उभे राहिले. मग आत गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. रिकाम्या गाडीचं वजन भरल्या गाडीइतकं भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भीमराज देवसिंगसोबत निघाला. कशालाही कारण असतं, ते जागेवर जाऊन पाहिलं की सापडतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ऊन कडक होतं. सागाचं जंगल पानगळीनं उघडं पडलं होतं आणि दोन्ही बाजूंनी दूरवर नुसती खोडं दिसत होती. पोडावर माल उतरवला. रिकामी गाडी तशीच दबलेली राहिली.

येताना निवाऱ्यापाशी भीमराजनं गाडी थांबवायला लावली.

"नको न, भाऊ."

"इंजिन चालू ठेव. मी मांगं उभा राहतो."

तो उतरला. निवाऱ्यात कोणी नव्हतं. बाकावर मात्र पानं नव्हती. खाली ढोपरभर साचलेली, आणि बाक स्वच्छ, झिजून गुळगुळीत.

त्यानं फाळक्यावर हात ठेवला. पत्रा तापलेला होता.

इंजिनचा आवाज किंचित उतरला.

हाताखाली फाळका खाली गेला. बोटभर. थांबला. पुन्हा बोटभर.

वारा नव्हता. कुठून तरी जुन्या घडीच्या लुगड्याचा, पेटीतल्या कापराचा वास आला. प्रवासाला निघालेल्या माणसांच्या अंगाला येतो तसा.

फाळका पुन्हा खाली गेला.

भीमराज धावत केबिनमध्ये शिरला. "चाल."

मोठ्या इंजिननं चढण सहज ओढली. कुठेही अडखळलं नाही. अर्ध्या चढणीवर भीमराजला सगळं एकदम समजलं. जुन्या इंजिनात खोट नव्हतीच. निवाऱ्यापाशी बसणाऱ्यांचं वजन त्याला ओढवत नव्हतं. ते थांबे, मागे येई, निवाऱ्यापाशी मोकळं होई आणि मग वर जाई.

"जुनं इंजिन परत टाकतो," तो म्हणाला. "उद्याच."

देवसिंग समोर बघत होता. "अन् हे जे वर आले, थे?"

भीमराजनं मागच्या काचेतून पाहिलं. हौदा रिकामाच दिसत होता.

गाडी गॅरेजात लावून देवसिंग तांड्याकडे पायी निघाला. भीमराज आपली मोटारसायकल देतो म्हणाला, तर त्यानं नको म्हटलं. चालताना तो पुढे वाकला होता, डोक्यावर भारा असल्यासारखा.

सकाळी भीमराजनं शेड उघडलं. पिकअप चारही चाकांवर सरळ उभी होती. पाटे कमानीसारखे वर आलेले. त्यानं मागचा भाग हातानं दाबला. हलका, मोकळा हलला.

सुटकेनं तो जमिनीवरच बसला. तेवढ्यात अंजूचा फोन आला.

"भाऊ, लवकर या. हे उठत नाईत."

भीमराज मोटारसायकल घेऊन तांड्यावर पोचला. देवसिंग अंगणात खाटेवर पडला होता. डोळे उघडे, चेहऱ्यावर घाम. खाटेची नवार ताणून जमिनीला टेकली होती. दवाखान्यात न्यायला गाडी येऊन उभी होती, पण चौघांना खाट उचलवत नव्हती. आठ जण लागले, तरी ती हलली नाही.

भीमराज खाली वाकला. "देवसिंग."

"जागा पुरून नाई राह्यली, भाऊ," देवसिंग हळूच म्हणाला. तक्रार नव्हती आवाजात. "अवघडून बसले हायेत."

दुपार व्हायच्या आत तो गेला. डॉक्टर खाटेपाशीच आले होते. हृदय थांबलं, म्हणाले.

अंजू रडली नाही. ती खाटेच्या नवारेकडे बघत होती. नवार हळूहळू वर येत होती.

तिरडी उचलताना खांदेकरी दचकले. चौघांचेही हात नको तितके वर गेले. "पोरासारखा हलका झाला," एक जण पुटपुटला.

संध्याकाळचं ऊन तिरपं झालं तेव्हा माणसं पांगली. घरी बायको सत्यशीला वाट बघत असेल, एवढंच भीमराजच्या मनात होतं. चिंचेखाली लावलेल्या मोटारसायकलवर तो बसला, किल्ली फिरवली, स्टँड पायानं मागे ढकलला.

मागचा शॉकअप सावकाश दबला. मग बायका एका बाजूला पाय सोडून बसतात तेव्हा होतं तशी, मोटारसायकल किंचित डावीकडे कलली.