ओळीतला पहिला माड

माड हलवण्याआधी त्याच्या खोडाला उत्तरेच्या अंगानं लाल ठिपका द्यायचा. नव्या जागी लावताना तो ठिपका पुन्हा उत्तरेलाच आला पाहिजे. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं ऊन खाल्लेलं खोड तुम्ही फिरवलंत तर सावलीतली बाजू भाजते आणि चिरते. हे मला झाडांच्या नर्सरीत कामाला लागल्यावर कळलं. इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा आमच्या घरी पंधरा दिवस सुतक होतं. बापानं गावभर सांगितलं, पोरगा वाया गेला. बापाचं सांगणं गावात खरं मानतात. मीही मानायचो.

तर मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला, मी ऑइलपेंटचा डबा घेऊन आमच्याच परसात गेलो. खाडीकडून ओल्या चिखलाचा वास येत होता. काम साधं होतं. तीन माड, तीन ठिपके.

आमच्या खाडीकाठच्या गावात मूल जन्मलं की त्याची नाळ परसात पुरतात आणि वर नारळ रुजवतात. तो माड त्या मुलाचा. कुणी त्याला कुऱ्हाड लावत नाही. मी असल्या गोष्टींना हसायचो, पण आपला माड कुठला ते प्रत्येकाला माहीत असतं. विहिरीजवळचा सगळ्यात उंच माझा, मधला माझ्या धाकट्या बहिणीचा, रंजिताचा. शेवटचा, बुटका? "तो आपोआप आलाय," असं बाप लहानपणापासून सांगायचा.

नारळ काय चिंचोका आहे, पाखरानं टाकला आणि उगवला? तोही सरळ ओळीत, बाकीच्या दोघांइतक्याच अंतरावर? हा प्रश्न मला तेवीस वर्षांत पडला नाही.

बापाला परसात भाड्यासाठी बिल्डिंग उभी करायची होती. माड करंजाड्याच्या एका नव्या टॉवरला दिले. टॉवरचा साहेब, राजवर्धन, बघायला आला तेव्हा त्यानं बापाला हळूच विचारलं, "काका, जागेत कुणाला पुरलंबिरलं नाही ना? आमचे कस्टमर वास्तू बघतात."

"छे! कुनाला नाय," बाप म्हणाला.

मी बापाकडे बघत होतो. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

हायड्रा क्रेन घेऊन धनाजी आला. मूळ साताऱ्याकडचा, तोंडात कायम तंबाखू. आदल्या दोन दिवसांत मी खोदून मुळांचे गड्डे गोणपाटात बांधून ठेवले होते. उंच माड आधी घेतला. पट्टा ताणला, इंजिन घुरघुरलं आणि माड जागचा हलला नाही. खालून कुणी धरून ठेवावा तसा.

"आरं इपुल, काट्यावर तीन टन दावतंय. एवढुशा गड्ड्याला?"

"मुळं राहिली असतील. बंद कर, बघतो."

इंजिन बंद झालं. मी खड्ड्यात उतरलो. भर दुपार, वर सूर्य, पण खाली गारवा होता आणि आंबट वास. दुधाच्या गुळणीसारखा. मग तो आवाज आला... चुटचुट, चुटचुट. थांबून थांबून. तान्हं मूल पितं ना, तसा.

खाली पाणी झिरपत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. गोणपाट खालून फाटलं होतं. मुळं सारी बोटाएवढी जाड. त्यातल्या एका मुळानं काहीतरी घातलं होतं, अंगठी घालावी तसं. काळ्या मण्यांची मनगटी. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या पोरांच्या हातात घालतात, तसली. दोन बोटं कशीबशी आत जातील एवढी.

"काय हाय रे?" वरून बाप.

मी दाखवली. बाप खड्ड्यात कधी उतरला ते कळलं नाही. साठीचा माणूस! त्यानं मुळासकट ओरबाडून काढली आणि मुठीत दाबली.

"काय नाय. जुना कचरा हाय."

वर चढून तसाच चालत बांधापर्यंत गेला आणि खाडीत भिरकावली. मी मागोमाग गेलो होतो, ती पाण्यात पडताना पाहिली. आणि मी फिरून परत खड्ड्यापाशी येईपर्यंत धनाजीनं इंजिन चालू केलं होतं. यावेळी माड पिसासारखा उचलला गेला.

"आता सव्वा टन," धनाजी म्हणाला आणि त्यानं तंबाखू थुंकली. "लेका, मी उद्या येनार न्हाई. दुसरा हायड्रा बघ."

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी तो खरंच आला नाही. बाकीचे दोन माड दुसऱ्याच्या मशीननं हलवले.

करंजाड्याला तिन्ही माड टॉवरच्या गेटसमोर त्याच क्रमानं लावले. झावळ्या बांधलेल्या, बुंध्याला तीन-तीन बांबूंचे टेकू, ठिपके उत्तरेला.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. माडाला जीव एकच असतो, शेंड्यात. तिथून जी मिटलेली नवी झावळी सरळ वर येते, तिला आम्ही सुई म्हणतो. सुई घट्ट असेल तर माड जगतो. ओढल्यावर ती हातात आली तर माड मेलेला असतो. पण बघणाऱ्याला कळत नाही, कारण मेल्यानंतरही तो चार-सहा महिने हिरवाच राहतो.

चौथ्या दिवशी रंजिताला ताप आला. वीस वर्षांची पोरगी, खांदेश्वरच्या एका क्लासमध्ये शिकवायची, आख्ख्या घरात माझ्या बाजूनं भांडणारी एकटी. आई गेली तेव्हा मी नववीत होतो. तेव्हापासून माझा डबा तिनं भरला, ती स्वतः पाचवी-सहावीत असताना. पनवेलच्या एका हॉस्पिटलात तिला ठेवलं. रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल, आणि ताप एकशे चार.

"दादा," ती म्हणाली, "पाय टेकत नाहीत रे."

"झोपलीयस तू. कसे टेकतील?"

"नाही... उभी राहिले तरी. खाली काहीच नाही असं वाटतं." मग तिनं टाळूवर हात ठेवला. "आणि इथे, बरोब्बर मधोमध, दुखतंय."

मी तिच्या केसांवर हात फिरवायला वाकलो आणि मागे झालो. आंबट वास. शिळ्या ताडीचा. शेंडा सडायला लागला की माडाला येतो तो.

संध्याकाळी मोरा गावाहून सखूआत्या आली, बापाची थोरली बहीण. तिनं रंजूचे तळपाय चाचपले आणि मला व्हरांड्यात ओढलं.

"बाला, माड हलवलास ना? तिचा माड जगव आदी. बाकी डाक्टर बगल."

मला 'बाला' फक्त आत्याच म्हणते. दुसरा कुठला दिवस असता तर मी तिची टर उडवली असती. पण तो वास माझ्या नाकातून जात नव्हता. आत्या परत आत गेली. बाप बाकड्यावर बसला होता. त्याच्यासमोर उभा राहून मी विचारलं, "आबा, रंजूचा माड कुठला? नक्की सांगा."

बापानं मान वर केली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. "मदला. किती वेला सांगू?"

आत्या तेव्हा आत रंजूच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. तिला ऐकू गेलं नाही. तिनं ऐकलं असतं तर... असो.

आठ दिवस मी त्या मधल्या माडाशी राहिलो. चारी बाजूंनी हिरवी जाळी बांधली, शिडीवर चढून शेंड्यात बुरशीचं औषध ओतलं, सकाळ-संध्याकाळ मोजून पाणी घातलं. टँकर कमी आला तेव्हा उंच आणि बुटक्याचं पाणी तोडून त्याला दिलं. पाचव्या दिवशी त्याची सुई बोटभर वर आली. मी शिडीवरच रडलो.

पण रंजूचा ताप उतरेना. उलट मलाच भूक लागायला लागली. लाज वाटावी एवढी. बहीण सलाईनवर, आणि मी वडापावच्या गाडीवर उभा राहून सहा-सहा खायचो. झोपही अशी लागायची की जणू कुणी मला निवांत जमिनीत रोवून ठेवलंय.

आणि त्याच दिवसांत उंच माडाचा ठिपका सरकला.

पहिल्यांदा वाटलं, मीच चुकीचा लावला. मोबाईलवर होकायंत्र काढून पाहिलं. ठिपका पूर्वेला होता. बांबूचे टेकू जागच्या जागी, सुतळीच्या गाठी माझ्याच हातच्या, बुंध्याजवळच्या मातीला तडासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो आणखी सरकला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी साइटवर चिटपाखरू नव्हतं, मजूर जेवायला गेले होते, आणि मी त्या ठिपक्यासमोर उभा होतो. तो आता ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे, थेट बुटक्या माडाकडे रोखलेला होता. वारा नव्हता. तरी बुटक्याच्या झावळ्या थरथरत होत्या. फक्त त्याच्या.

मातीखालून, अगदी बारीक... चुटचुट, चुटचुट.

माझा माड त्या आपोआप आलेल्याकडे का बघतोय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी पळालो. पळताना मधल्याचं पाणी चालू आहे ना, ते मात्र पाहिलं.

नवव्या दिवशी आत्या साइटवर आली. दुपारचे बारा वाजले होते. पदराखाली हळद-कुंकवाची पुडी. मी मधल्याकडे बोट केलं, पण ती पुढे गेली, शेवटच्या बुटक्यापाशी थांबली आणि तिनं खोडावर हात ठेवला.

"ह्याच्या बुंद्याची माती अशी का सोकली रं?"

"त्याला काय करायचंय? तो कुणाचाच नाही."

"कुनी सांगितला?"

"आबांनी."

आत्या मटकन खाली बसली. पुडी सांडली. ती नुसती जमीन चाचपत राहिली.

"बाला... माड जलमाच्या वलीनं लावतात. त्यो तिकडं उच माड, ती पयली. गोजरा. तुज्या आदीची. तीन महिन्यांची व्हती. ताप आला, तर तुजा बाप, नाम्या, तिला भगताकडं घेऊन बसला चार दिस. पोरगीसाठी डाक्टर कशाला, म्हनला. मेली. तिच्याच माडाखाली पुरली. मंग तू, मदला. मंग रंजू."

आठ दिवस मी माझ्याच माडाला पाणी पाजलं होतं. बहिणीचं तोडून.

"तू का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

"त्यानं शपत घातली व्हती. आनि मना वाटला, आता तरी त्यानं तुला सांगितला आसल."

ही आमची वडीलधारी माणसं. एकानं लपवायचं, दुसऱ्यानं शपथ पाळायची, आणि वर आम्हाला विचारायचं, तुम्हाला कशाची चाड आहे का.

मी शिडी उचलून बुटक्याला लावली. झावळ्या हिरव्यागार होत्या, टवटवीत. मधोमध सुई. मी ती दोन बोटांत धरली. ओढली नाही, देवाशप्पथ. नुसती धरली.

ती हातात आली. टोकाशी पांढरट, बुळबुळीत. तोच वास.

खिशात मोबाईल वाजला. बाप होता. बाप हसत होता की रडत होता, मला आधी कळेचना.

"इपुल! ताप उतरला रे! आत्ता, ह्या मिन्टाला! उठून बसली पोरगी, जेवाया मागते!"

शिडीखालून आत्यानं विचारलं, काय झालं. मी सुई शर्टात लपवली आणि म्हणालो, "काही नाही. रंजू बरी झाली."

म्हणजे मीही बापासारखंच केलं.

ती घरी आली. डॉक्टरांनी पाठ थोपटली, शेजारच्यांनी पेढे खाल्ले. ती चालते, हसते, भरपूर जेवते. दुपारी बाराला मात्र परसात जाऊन विहिरीजवळच्या बुजवलेल्या खड्ड्यावर अनवाणी उभी राहते. ऊन लागत नाही तिला. घाम येत नाही. क्लासला ती परत गेली नाही, अक्षरं ओळखू येत नाहीत म्हणते. बिल्डिंगचं काम बापानं थांबवलंय. तो तिच्यासमोर बसून जेवत नाही. ती पाणी पिते तेव्हा उठून बाहेर जातो, आणि का जातो ते मला माहीत आहे, कारण तो आवाज मीही ऐकतो.

आणि ती मला दादा म्हणत नाही. एकदाही नाही.

सध्या ऑक्टोबर संपत आलाय. मी दर रविवारी करंजाड्याला जातो. उंच माडाला पोय, म्हणजे फुलांचा तुरा, आली आहे, हलवल्यावर पहिल्याच वर्षी, पाणी न घालता. मधला ठणठणीत आहे. बुटका अजून हिरवा आहे. राजवर्धन साहेब म्हणतात, वा विपुल, तिन्ही जगवलेस. मी खालच्या झावळ्या मोजून येतो. गेल्या रविवारी एकीचं टोक पिवळं होतं. पाचवा महिना चालू आहे.

आज दुपारी तिनं मला जेवायला वाढलं. मी मान खाली घालून बसलो होतो.

"माडाला पानी घातलास, बाला?" तिनं विचारलं.

"कुठल्या, रंजू?"

ती हसली. "पयल्या."

भात वाढायला तिनं हात पुढे केला, तेव्हा बाही वर सरकली. मनगटात काळ्या मण्यांची मनगटी होती. तीच, ओली. दोन बोटं कशीबशी जातील एवढी. मोठ्या माणसाच्या पंजावरून ती चढणार नाही. आणि तिला गाठ कुठेच नव्हती.