सावकाश होऊ द्या

जपानमधल्या कोफूच्या खोऱ्यात सप्टेंबर लागला की द्राक्षबागांच्या फाटकांवर पाट्या चढतात. इसोएच्या फाटकावर दोन होत्या. एक वेळेची, दुसरी तिने स्वतः रंगवलेली: ‘कुत्र्यांना द्राक्षं चारू नयेत. जिवावर बेततं.’

शेजारच्या म्हाताऱ्या कुराशिनाचा कुत्रा तेत्सु उजाडल्यापासून कुंपणाशी उभा राहून भुंके. द्राक्षं तोडायला पोराबाळांसह आलेली शहरी मंडळी फाटकातूनच मागे फिरत. इसोएने तीनदा सांगून पाहिलं. म्हातारा हसून म्हणे, "अहो, तुम्हाला नमस्कार करतो तो!" इसोएच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

तेत्सु परक्याच्या हातचं खात नसे. आधीचा कुत्रा कुणी टाकलेलं उंदराचं औषध खाऊन मेला, तेव्हापासून कुराशिनाने याला वळणच तसं लावलं होतं. वाडगा पुढे ठेवायचा आणि पाहुण्याला म्हणावं तसं अदबीने म्हणायचं, "सावकाश होऊ द्या." तोवर तेत्सु लाळ गाळत बसे, पण तोंड लावत नसे. गावात हसू होई. बायका म्हणत, "बायकोला जन्मात कधी एवढं म्हणाला नाही मेला!"

एका दुपारी कुराशिना शहरात गेलेला होता. इसोएने पावसापासून जपायला घडांवर घातलेल्या कागदी टोप्या उचलून तडकलेले, आंबूस दाणे वेचले आणि वाडगाभर करून कुंपणाखालून सरकवले. तेत्सु बसला. वाडग्याकडे नाही, तिच्याकडे बघत राहिला. तिने घसा खाकरला, म्हाताऱ्याचा सूर काढला आणि म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

शेपूट हलवत त्याने वाडगा चाटूनपुसून साफ केला.

तेत्सु तीन दिवस ओकत होता, पाणी पीत होता. मग त्याची लघवी बंद झाली आणि तो मेला. इसोए फुलं घेऊन गेली, डोळ्यांना रुमालही लावला. वाईट वाटलं का? छे! दुसऱ्या दिवशी बागेत माणसांची रीघ लागली आणि ती दिवसभर गुणगुणत होती.

तेत्सु गेल्याच्या सातव्या दिवशी सकाळी भात समोर आला आणि तिचं तोंड उघडेना. बोलायला उघडे, पाणी जाई, पण घास ओठांशी आला की जबडा घट्ट मिटे. पोटात कावळे कोकलत होते. नवऱ्याने, मोरिओने, आधी चेष्टा केली. "नवस बोललीस की काय?" मग चिडला. "अगं गीळ की! आता मी भरवू?" भरवूनही पाहिलं. चमचा दातांवर आपटला.

डॉक्टरला जबड्यात काही सापडलं नाही.

उपवासाच्या चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. ताट समोर आलं की ती कान टवकारून बसते. कुणीतरी काहीतरी म्हणायची वाट बघते.

"अहो, जरा म्हणा ना. सावकाश होऊ द्या."

मोरिओ म्हणाला. काही झालं नाही. ती शेवयांच्या दुकानात जाऊन बसली; तिथली वाढणारी पोरगी प्रत्येक टेबलापाशी तेच म्हणत होती. तरी जबडा हलला नाही.

आवाज त्याचाच हवा होता.

उपवासाच्या आठव्या दिवशी भिंत धरत ती कुराशिनाच्या दारात गेली. "कुराशिनासान, एकदाच म्हणा. तेत्सुला म्हणायचात ते. नाहीतर मी मरेन."

त्याने तिला आत घेऊन बसवलं. "एक विचारू, इसोएसान? त्याच्या ओकारीत द्राक्षाच्या साली होत्या. माझ्या शब्दाशिवाय त्याने खाल्लं कसं?"

थाप मारायला अंगात त्राण नव्हतं. तिने सगळं सांगितलं. त्याचा सूर कसा काढला, तेही.

तो उठला. वाफाळता भात, भाजलेला मासा, सारातला मुळा, सगळं नीट मांडून तिच्यापुढे ठेवलं.

मग स्वतःचं ताट घेऊन समोर बसला आणि जेवू लागला.

"म्हणा ना हो."

तो चावत राहिला.

"पाया पडते तुमच्या."

त्याने माशाचा काटा काढून बाजूला ठेवला.

तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळून चटईवर पडली. कुराशिनाने फडकं आणून ती पुसली. मग हात लांब करून त्याने तिच्या कानामागे हळूच खाजवलं.

इसोएने डोळे मिटले. तिला फार बरं वाटलं.