मीठ पाहण्यापुरती

मुखरूचा ताप सहाव्या दिवशीही उतरेना. मुलचेऱ्याहून आणलेल्या गोळ्या खाऊन झाल्या, तेव्हा त्याची बायको धुरपता टोपली घेऊन लाल मुंग्या आणायला निघाली. तापावर मुंग्यांची चटणी, हे तिच्या आईचं औषध. एरवी या मुंग्या फांदी हलली की कोपरापर्यंत चढतात आणि चावून जीव नकोसा करतात. आज मात्र जांभळीच्या पानांखाली सगळ्या एकाच उंचीवर, पानाच्या शिरेत दात रोवून बसलेल्या. एकही हलली नाही. धुरपताला वाटलं, देवच पावला. तिनं पानांसकट खुडल्या, मिरची-लसूण घालून पाट्यावर वाटल्या, मीठ पाहायला बोटभर चाखली आणि बाकी सगळी नवऱ्याला भरवली.

सकाळी ताप गेला. चाळीस वर्षांत ज्यानं कधी ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं नाही, तो तिचे केस विंचरायला बसला. म्हातारी लाजली, पण फार सुखावली. फक्त दुपारचे बारा झाले की तो हातातलं काम टाकून जांभळीकडे चालू लागे.

“तिथी काऊन जाता रोज?”

“वर बरं वाटते वो.”

चंद्रपूरहून साधना नावाची पोरगी मुंग्यांचा अभ्यास करायला गावात आली होती. धुरपतानं तिला मुंगीसकट उरलेलं एक पान दाखवलं.

“मावशी, हिला बुरशी लागलीय. ती अंगात वाढते, मुंगीला घर सोडायला लावते. भरदुपारी मुंगी उंच जाऊन पानाला चावते आणि तिथंच मरते. मग मानेतून कोंब फुटतो.”

“अन् माणसाले?”

साधना हसली. “माणसाला काही होत नाही.”

धुरपताही हसली. मग घरापर्यंत पळत आली.

घरात कोणी नव्हतं. मुखरू जांभळीच्या फांदीवर बसला होता. दातांत पान होतं.

“उतरा ना. भात थंडा होऊन राह्यला.”

त्यानं मायेनं पाहिलं, हात पुढे केला. पान सोडलं नाही.

त्याच्याशिवाय तिला कोण होतं? उतरवूनच आणते, म्हणत तिनं पदर खोचला. ओटा चढतानाही कुरकुरणारे गुडघे आज कुरकुरले नाहीत.

ती शेजारी बसली. त्याच्या मानेवरचा घाम पदरानं पुसताना बोटाला काहीतरी कोवळं लागलं. तिनं ते केसांखाली हलकेच झाकलं.

खाली उतरायचं होतं, एवढं तिला आठवत होतं.

वर खरंच बरं वाटत होतं.

तोंडातलं पान जरा अळणी लागलं.