पहिल्या हाकेला

रक्ताची पिशवी लावण्याआधी आम्ही पेशंटला नावाने हाक मारतो आणि नाव-गाव तिच्याच तोंडून वदवून घेतो. चुकीच्या अंगात रक्त जाऊ नये, एवढाच हेतू. रत्ना मात्र हाकेला ओ देईना.

"पयल्या हाकंला आमी ओ देत नाय, सिस्टर," तिची आई, यमूमावशी म्हणाल्या. "माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो. ते एकदाच मारतं."

मायलेकी उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरून शहापूरला आमच्या वॉर्डात आल्या होत्या. रत्नाला सातवा महिना, नखं कागदासारखी पांढरी. रक्त मिळालं नाही तर ती बाळंतपणातून उठली नसती. आणि जबरदस्ती केली तर मावशी तिला घरी घेऊन जाणार होत्या. दोनदा हाक मारण्यात माझं काय जात होतं? मी सगळ्या सिस्टरना सांगून ठेवलं. पहिली पिशवी सुरळीत गेली.

दुसऱ्या दिवशी रत्नाने विचारलं, "सिस्टर, मगाशी बोलावलंत नि आलात नाय?"

मी तेव्हा लसीकरणाच्या खोलीत होते.

"कुठून बोलावलं?"

तिने खाटेमागच्या खिडकीकडे बोट केलं. "एकदाच. मी गप ऱ्हायली."

खिडकीमागे अरुंद गटार, लगेच कंपाउंडची भिंत. मी जाऊन पाहिलं. काठावरचं शेवाळ कुठेही दबलेलं नव्हतं.

माझा संशय अनितावर गेला. ती माझ्याच पाळीतली सिस्टर, नकला करण्यात पटाईत.

"तुझा आवाज कोण काढणार गं?" ती हसली. "तू बोलतेस तरी कधी?"

मग मावशींवर. लेकीला घाबरवून घरी न्यायचं असेल. पण मावशी खिडकीकडे पाठ करून बसायच्या आणि लेकीचं मनगट सोडत नसत.

दुसरी पिशवी दुपारी आली. बाहेर लख्ख ऊन होतं. अनिताने आणि मी पिशवीवरचा नंबर जुळवला. चक्कर येते म्हणून रत्ना डोळे मिटून पडली होती.

मी तोंड उघडण्याआधीच खिडकीबाहेरून हाक आली.

"रत्ना."

माझा आवाज. शेवट किंचित खाली सोडलेला, मी सोडते तसाच.

अनिताने माझ्या ओठांकडे पाहिलं. मावशींनी लेकीच्या तोंडावर हात दाबला.

आम्ही थांबलो. पंखा फिरत होता. बराच वेळ काहीच आलं नाही. मावशींनी हळूच हात काढून घेतला.

"रत्ना."

पुन्हा तिथूनच.

"ओ," रत्ना म्हणाली.

मग डोळे उघडून तिने मला नाव सांगितलं, गाव सांगितलं. दोन्ही बरोबर. मी पिशवी लावली. थंडी वाजली नाही, पुरळ उठलं नाही. संध्याकाळी नखांवर थोडा रंग दिसला. बाळाचे ठोके चांगले लागत होते.

मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, गाठोडं मांडीवर घेऊन.

"आत बसा ना, मावशी. लेकीला बरं वाटतंय."

"कोनापाशी बसू?" त्यांनी विचारलं.