कूस बदलायची वेळ

सौंदर्या त्या दिवशी घरून निघाली ती एका बाईंची समजूत काढायला. काम साधं होतं. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याने तिरुभुवनम् काही लांब नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते, बसच्या खिडकीतून मांडीवर ऊन येत होतं आणि शेजारी मोगऱ्याची टोपली घेऊन एक बाई पेंगत होती. हे आधीच सांगून ठेवतो. दिवा लावून बसल्यावर रात्रीची गोष्ट सांगावी हा रिवाज, पण ही घडली दिवसाढवळ्या. त्याला माझा इलाज नाही.

सौंदर्याची नोकरी जरा वेगळी. पाठीची ऑपरेशनं होऊनही ज्यांचा पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत जळत राहतो, अशांच्या कण्यात, मज्जारज्जूच्या शेजारी, डॉक्टर दोन बारीक तारा सोडतात. कमरेवर कातडीखाली काडेपेटीएवढी बॅटरी बसवतात. तिच्यातून हलका करंट वाहतो आणि दुखण्याच्या जागी नुसत्या मुंग्या येतात. कुणाला किती करंट मानवतो ते टॅबवर बघून जुळवून देणं, हे सौंदर्याचं काम. पोरगी हुशार आणि जीव लावणारी. प्रत्येक घरातून निघताना तिचं एक पालुपद असायचं, "आता पुढचं माझ्यावर सोडा." तिची आई तिला चिडवायची, असं उठसूट बोलू नये, कुणी खरंच सोडलं म्हणजे कळेल.

नागलक्ष्मीबाई तिच्या लाडक्या पेशंट. वय चौसष्ट. तंजावरकडची आपली जुनी मराठी बोलणारं माणूस तिला दवाखान्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. चार महिन्यांपूर्वी तारा बसवताना बाई टेबलावर पालथ्या होत्या, जाग्या होत्या, कारण मुंग्या कुठे येतात ते पेशंटनेच सांगायचं असतं. "मांडीला... आतां पोटरीला..." असं म्हणता म्हणता त्या एकदम थांबल्या. "गेलं गे. दुखणं गेलं," म्हणाल्या आणि लहान पोरासारख्या रडल्या. सौंदर्याचेही डोळे भरले होते. आणि काल त्याच बाईंचा फोन आला होता, "हें यंत्र बंद करून दे."

घर विणकरांच्या गल्लीत. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू होती. उंबरा ओलांडला तसा तो आवाज मागे पडला आणि पावडरीचा न् स्पिरिटचा वास आला, वॉर्डात येतो तसा. सोप्याच्या मधोमध लोखंडी खाट होती. तिच्यावर धुतलेली चादर, वर उशी. खाट रिकामी होती, पण चादर मधे दबलेली होती.

"यजमानांची," नागलक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः कॉफी करून आणली होती, न लंगडता. "दोन वर्षं जालीं त्यांना जाऊन. बस गे बाळ."

यजमान म्हणजे विजयराघव. रेशमी साड्यांच्या सोसायटीत मॅनेजर होते. जिन्यावरून पडले आणि मानेखालचं सगळं अंग गेलं. चार वर्षं ते या खाटेवर होते, आणि त्यांचं सगळं करून करून बाईंची पाठ कामातून गेली, एवढं सौंदर्याला फाइलमधून माहीत होतं.

"मावशी, पाय दुखतो का?"

"नाही. तिळभर नाही."

"मग बंद का करायचं?"

बाई खाटेकडे बघत राहिल्या. "आधीं तुझ्या पाटीवर बघ काय तें," म्हणाल्या.

सौंदर्याने टॅब जोडला. हे यंत्र माणूस उभा आहे, बसलाय की आडवा, हे आतून ओळखतं, त्याप्रमाणे करंट कमीजास्त करतं आणि तासातासाची नोंद ठेवतं. पडद्यावर एक छोटंसं चित्रातलं माणूस असतं. आपण बसलो की ते बसतं. आत्ता ते उताणं निजलेलं होतं. बाई तर समोर उभ्या होत्या, हातात पेला घेऊन.

सौंदर्याला वाटलं, बिघडलं. तिने त्यांना बाकावर बसवलं, मग डाव्या कुशीवर निजवलं, मग पालथं. पडद्यावरचं माणूस उताणं ते उताणंच. तिने चार महिन्यांची नोंद उघडली. चालणं, शून्य. बसणं, शून्य. चार महिने चोवीस तास आडवं. ज्या बाईने आत्ता कॉफी करून पाजली, तिच्या अंगातलं यंत्र सांगत होतं की ही बाई एकदाही उठलेली नाही.

"मावशी, हे काहीतरी..."

"आठ वाजतां उजवी कूस," बाई पालथ्या पडूनच म्हणाल्या. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. "दहाला उताणं. बाराला डावी. दोनाला पुन्हां उजवी. बरोबर ना?"

सौंदर्याने बोट फिरवलं. आठ, उजवी. दहा, उताणं. बारा, डावी. दिवसरात्र, दर दोन तासांनी, एक मिनिट इकडे नाही की तिकडे.

"चार वर्षं हेंच केलं मी. पाठीला जखम होऊं नये म्हणून डॉक्टरनी सांगितलेलं. एक हात खांद्याला, एक कमरेला. ओढायचं नाही, लोटायचं." बाईंनी कुशीवर वळून दोन्ही हात हवेत धरून दाखवले. "आतां हें तुमचं यंत्र घातल्यापासून माझा पाय दुखत नाही. पण दोन तास जाले कीं मुंग्या येतात त्या माझ्या पायांत नाही येत... त्यांच्या येतात. मला कळतं गे. मग उठून जातें आणि वळवतें. रिकाम्या हातांनी. पण वजन लागतं."

बाहेर मागांची खटखट चालूच होती. सौंदर्याला तिथून पळून जावंसं वाटलं. पण तिने बाईंच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो हात तिला काढवेना.

"एक रात्र बघ," बाई हळूच म्हणाल्या. "वैकुंठ एकादशीची."

ती तारीख सौंदर्याला पाठ होती. त्या रात्री सगळं गाव देवळात जागत होतं, तीही होती. तिने नोंद काढली. रात्री दहा, उताणं. बारा, उताणं. दोन, चार, उताणं. सकाळी सहाला डावी कूस. एवढ्या चार महिन्यांत तेवढी एकच रात्र सुटलेली होती.

"यंदा त्या रात्रीं मी डोळा मिटला नाही. दर खेपेला उठलें, वळवलं," बाई म्हणाल्या. "तरी त्यांत नाही ना?"

"...नाही."

"नसेलच. तें माझं नाहींच. तें त्यांचं आहे." बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "ते होते त्या शेवटच्या एकादशीला लोक देवासाठी जागत होते. माझी पाठ मोडून आली होती. दोन गोळ्या घेतल्या आणि निजलें. त्यांनी हाका मारल्या... ऐकू आल्या मला. उठलें नाही. त्याच रात्रीं जखम जाली. ती चिघळली, आणि त्यांतच गेले. आणि दहाव्याला लोक म्हणतात, नागलक्ष्मी, तुझ्यासारखी सेवा कोणी केली नाही."

सौंदर्याला धक्का कशाचा बसला होता, टॅबचा की या बाईचा, ते तिला कळत नव्हतं.

"बंद कर," बाई म्हणाल्या. "दुखत होतं तेव्हां निदान पाय माझा होता."

"बंद केलं तर सगळं परत येईल, मावशी. आधीसारखं. रात्र रात्र."

"येऊं दे."

बाराला पाच मिनिटं होती. ज्या बाईंना हसतं केल्याचा तिला एवढा अभिमान, त्यांचंच दुखणं ती स्वतःच्या बोटाने परत आणणार होती. तिने करंट एकेक पायरी उतरवत शून्यावर आणला आणि यंत्र बंद केलं. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली. कपाळावर घाम आला, उजवा पाय थरथरायला लागला. दुखणं आलं होतं. पण त्या रडल्या नाहीत.

"माझा आहे," दात आवळून म्हणाल्या. "पाय माझाच." मग घड्याळाकडे बघून एकदम घाबऱ्या झाल्या. "बारा वाजतात गे. मला उठवत नाही. त्यांना कोण वळवील?"

त्यांची ती तडफड सौंदर्याला बघवली नाही. समजूत काढायची म्हणून, रोज शंभरदा बोलतो तसंच, ती बोलून गेली, "मावशी, तुम्ही आता सोडा. पुढचं माझ्यावर सोडा."

बाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की सौंदर्याने नजर खाली घेतली.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. बंद यंत्राचं चित्र टॅबवर दिसायला नको होतं. ते दिसत होतं. चित्रातलं माणूस उताणं होतं, ते हळूहळू डाव्या कुशीला वळलं. त्याच क्षणी सौंदर्याच्या कमरेत उसण भरली. थोराड माणसाला उचलल्यावर भरते तशी. तिने तर काहीच उचललं नव्हतं. खाटेवरच्या चादरीला डाव्या बाजूने नवी चुणी पडली होती.

"वळले?" बाईंनी विचारलं.

सौंदर्याचा हात कमरेवर गेला. बाईंना उत्तर नकोच होतं. त्यांनी डोळे मिटले. दुखण्याची गोळी दिल्यावर त्या निजल्या त्या शांत, तोंड उघडं टाकून. दोन वर्षांत अशा निजल्या नसतील. त्यांची शेजारीण सुंदरी येईपर्यंत सौंदर्या दाराशी उभी राहिली, खाटेकडे पाठ करून. निघताना तिचं पालुपद ती बोलली नाही.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. टॅब तिने बंद करून पिशवीत तळाला घातला होता. ऊन चढलं होतं, बस गच्च भरलेली होती, कंडक्टर तिकिटं फाडत ओरडत होता. कंबर ठणकत होती, पण माणसांत आल्यावर तिला जरा धीर आला. आपण यंत्र बदलून मागू, साहेबांना सांगू, असं ती मनाशी जुळवत होती.

कुंभकोणमच्या अलीकडे, बरोबर दोन वाजता, तिचे दोन्ही हात मांडीवरून आपोआप उचलले गेले. एक खांद्याच्या उंचीवर, एक कमरेच्या. तिने ते खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण ते खाली येईनात.

शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि तमिळमध्ये विचारलं, "पावडरीचा वास कुठून येतोय?"

सौंदर्याच्या तळव्यांवर वजन आलं होतं. उजवी कूस करायची होती.