टाकीवरचा पोचा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात या, सुहासच्या घरामागची पत्र्याची शेड बघा आणि परत जा. कुलूप उघडायला सांगू नका. तो उघडणार नाही.

रात्र नव्हती. हे आधीच सांगतो, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरूनच चालतात. दुपार होती. २०२४ च्या ऑक्टोबरमधली, दोन वाजून दहा मिनिटांची. दुपारी एक ते चार आमच्याकडे दुकानं बंद आणि माणसं आडवी. त्या वेळात भूतही झोपत असेल, अशी आमची समजूत होती.

हे झोपत नव्हतं.

सुहास माझा मावसभाऊ. कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ शेडमध्ये. त्याला जुन्या मोटारसायकलींचं वेड. मे महिन्यात हेदवीच्या अलीकडच्या एका गावात त्याला येझदी सापडली. एका म्हातारीच्या गोठ्यात, गोणपाटाखाली. वर कोंबडी अंड्यावर बसलेली.

म्हातारीचं नाव सोनूबाई. तिचा नवरा रामजी त्याच गाडीवर अपघातात गेलेला. सदतीस वर्षांत गाडी मागायला बरेच जण आले. तिने सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

सुहासला तिने विचारलं, "कोनाचा तू?"

त्याने नाव सांगितलं.

"बापूस काय करायचा?"

"टेम्पो चालवायचे. मिरकरवाड्यावरून बर्फ न्यायचे."

"जिता हाय?"

"आहेत की. ठणठणीत."

सोनूबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग उठली आणि कोंबडीला बाजूला केलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "येकच कर. गाडी दारात नेशील तवा गाऱ्हानं घालायचं. बापसानंच घालायचं. दुसऱ्यानं नाय."

सुहासला वाटलं, केवढी भाविक बाई.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडचं नेहमीचं. विहीर खणा, म्हैस आणा, पोरगं मुंबईला पाठवा, घरातला मोठा माणूस नारळ ठेवून देवाला हाक घालतो आणि बाकीचे होकार देतात. आप्पा, म्हणजे सुहासचे वडील, यात पटाईत. सगळं तोंडपाठ. शब्दांकडे लक्ष देण्याची गरज त्यांना चाळीस वर्षांत पडली नव्हती.

गोणपाटात बांधलेली गाडी टेम्पोतून उतरली. आप्पांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ही गाडी आमच्या दारात आली म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सुहास आणि त्याची बहीण योगिनी म्हणाले.

"जो कोन हिच्या वायटावर गेला आसंल, त्याला तू वळख म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"त्याच्या घरात जा, त्याच्या माजघरात जा, आनि त्याचं त्याच्या पदरात घाल म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

नारळ फुटला. योगिनीने खोबरं वाटलं. गोड होतं.

पावसाळाभर सुहासने इंजिन खोललं, घासलं, जोडलं. रंगकाम तेवढं मागे ठेवलं. कोकणात पावसाळ्यात रंग वाळत नाही, त्याला बुरशी येते. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, म्हणून ऑक्टोबर लागल्यावर त्याने पेट्रोलची टाकी घासायला घेतली.

कोंबडीची शिट आणि तीन थर माती निघाल्यावर टाकीच्या उजव्या बाजूला पोचा दिसला. वाटीएवढा. आत खोल जाऊन एक हिरवट ओरखडा.

येझदी काळी होती.

आप्पा मागे येऊन उभे होते. रोज यायचे. चुकीचा पाना पुढे करायचे आणि राजीव गांधींच्या काळातले रस्ते सांगायचे. त्या दिवशी हातात पाना नव्हता.

"हा पोचा आधी भर," ते म्हणाले. "आजच भर."

सुहासने पोच्यात लांबी भरली. लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी. वाळली की दगड. मग तो जेवून पडला.

उठून बघतो तर...

पोचा जसाच्या तसा. आणि लांबी जमिनीवर. अख्खी. तव्यावरून काढलेल्या घावणासारखी.

माल खराब आला असेल, असं म्हणून त्याने पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशीही घावण. फक्त या वेळी जमीन ओली होती. शेड तापून भट्टी झालेली, बाहेर कावळ्याची सावली पडली तरी करपेल असं ऊन. आणि टाकीखाली पाणी.

थंडगार.

पाण्यात लाकडाचा भुसा भिजलेला. सुहासच्या शेडमध्ये कसलाही भुसा नव्हता.

त्याने तो चिमटीत धरून आप्पांना दाखवला. "आप्पा, हे कुठून आलं असेल?"

आप्पांनी भुशाकडे बघितलं आणि घरात गेले. चहाला बाहेर आले नाहीत. आप्पा चहाला आले नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तिसऱ्या दिवशी सुहास झोपला नाही. शेडमध्येच स्टुलावर बसून राहिला. इंजिन टेबलावर. टाकी पोत्यावर. हॉर्न एका खोक्यात, वायरीशिवाय. बॅटरी आणायचीच होती.

दोन वाजून दहा मिनिटं.

खोक्यात काहीतरी हललं...

मग हॉर्न वाजला.

पीं.

बारीक. थकलेला. कोणी अंगठ्याने नीट दाबू शकत नसल्यासारखा.

थांबला.

पीं.

पुन्हा थांबला. या वेळी जास्त.

पीं...

घरात भांडं पडल्याचा आवाज आला. सुहास धावत गेला. आप्पा माजघरात भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात कानांवर. पायाशी त्यांचा तांब्या.

तांब्याला पोचा पडला होता. वाटीएवढा.

"पडला म्हणून असेल," योगिनी म्हणाली.

"मग हा हिरवा रंग?" सुहासने विचारलं.

तिने नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

त्यानंतर पोचा घरातून फिरायला लागला. लिहिताना मलाही विचित्र वाटतं, पण मी पाहिलाय. दुपारी हॉर्न तीनदा वाजायचा, आणि घरात आप्पांच्या कुठल्यातरी वस्तूवर पोचा उमटायचा. शनिवारी पानाचा डबा. रविवारी लोखंडी कपाट. सोमवारी आप्पांची ट्रंक. मंगळवारी टेबलफॅन, जो तरीही फिरत राहिला. दुसऱ्या कोणाच्या वस्तूला धक्का नाही. योगिनीची स्कूटर अंगणात होती, तिच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. भूत नियमाला पक्कं होतं.

बुधवारी आप्पांच्या खाटेचा पाईप आत गेला.

उशीकडचा.

योगिनीने ते बघितलं आणि म्हणाली, "दादा, हा पुढे येतोय. आता उद्या काय उरलंय?"

खाटेवर फक्त आप्पा उरले होते.

आप्पा ओटीवर बसले होते. सुहास समोर जाऊन बसला.

"त्या गाडीचा आणि तुमचा काय संबंध, आप्पा?"

"तूच आणलीस. मला काय विचारतोस?"

"आप्पा."

आप्पांनी अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांकडे नजर वळवली.

"निवळीचं वळण," ते म्हणाले. "सत्त्याऐंशी साल. शनवार होता. जयगडला बरफ चाललेला, भुशात घातलेला. माझा टेम्पो हिरवा. तो समोरून आला, मी जरा जास्तच बाहेर होतो."

"मग?"

"उतरलो. बघितलं. गाडी अंगावर पडलेली त्याच्या. जिता होता. हात हॉर्नपर्यंत पोचत होता त्याचा, तेवढाच. वाजवला त्यानं. माझ्याकडं बघून तीनदा वाजवला."

"आणि तुम्ही?"

आप्पांनी तोंड फिरवलं.

"बरफ वितळत होता," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळीच सुहास आप्पांना घेऊन सोनूबाईकडे गेला. ती ओटीवर सुपारी कातरत होती. आप्पांनी उभ्याने सगळं सांगितलं. तिने एकदाही मान वर केली नाही. अडकित्ता चालू होता.

"बरफाचा ट्याम्पो होता, येवडं येकानं बघितलेलं," ती म्हणाली. "मिरकरवाड्यात तवा बरफाचे ट्याम्पो चार. चारी डायवरांची नावं पाठ केलीवती मी. बाकी तिघांच्यातलं कोन गाडी मागायला आलं नाय. तुमचा पोरगा आला."

"माफी मागतो, बाय."

"माफी नको माला. तीनदा वाजवला म्हनता. तुम्ही ऱ्हायलात तवर तीनदा. मागनं किती वाजवला?"

आप्पांनी एक हात कानावर नेला.

"दोन तास जिता होता तो. डाक्टरानं सांगितलंन. गाड्या गेल्या रस्त्यानं. कोन थांबला नाय." तिने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "दोन तास बसा तितं. येकट्यानं. त्याच गाडीवरनं जा. मग गप होईल ती."

परतीच्या वाटेवर सुहासला हायसं वाटलं. दोन तास, एवढंच? दापोलीच्या एसटीसाठी माणूस त्याहून जास्त बसतो. त्याने पोचा तसाच ठेवला, टाकी बिनरंगाची चढवली, दोन दिवस खपून गाडी जोडली. त्या दोन दुपारी हॉर्न वाजला नाही. आप्पा व्यवस्थित जेवले. मासे नाहीत म्हणून कुरकुरलेसुद्धा.

शनिवार, बारा ऑक्टोबर. दसरा.

दुपारी एकला येझदी पहिल्याच किकला चालू झाली. सुहासने घडीची खुर्ची बांधून घेतली, छत्री घेतली, पाण्याच्या दोन बाटल्या. योगिनीने डब्यात दहीभात दिला. आप्पा मागे बसले.

निवळीच्या वळणाला पोचेपर्यंत दोन वाजले. आप्पा खुर्ची नको म्हणाले. कडेच्या चिऱ्यावर बसले.

"तू लांब बस," ते म्हणाले. "पण बस हां."

"इथेच आहे, आप्पा. त्या झाडाखाली. वीस पावलं नाहीत."

सुहास झाडाखाली बसला. घड्याळात बघितलं. दोन नऊ.

दोन दहा.

एक ट्रक गेला. आप्पांनी हात वर केला. कशाला ते सुहासला कळेना. पाणी हवं असेल म्हणून तो उठला...

आणि गाडीवरून उतरला.

नाचण्याला. स्वतःच्या फाटकात.

येझदी तापलेली होती. हँडलला पिशवी, पिशवीत झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं. घड्याळात चार वाजून चौदा मिनिटं.

योगिनी दारात आली. "बरं झालं, फुलं आणलीस. आप्पा कुठे?"

सुहासला आठवेना. ते दोन तास जणू नव्हतेच. कुठे थांबला, कोणाकडून फुलं घेतली, काही नाही. एकच गोष्ट आठवत होती, तीही स्पष्ट. झाडाखालून उठताना, जवळ एकही फूल नसताना, त्याच्या मनात आलेला विचार.

फुलं कोमेजतील.

दोघं शेजाऱ्याची कार घेऊन धावले. आप्पा चिऱ्यावरच होते, मागच्या दगडाला टेकलेले. खुर्ची घडीतच होती. डबा बंद होता. निवळीला चार दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, आणि आप्पा डोक्यापासून पायांपर्यंत भिजलेले.

बर्फासारखे गार.

केसांत भुसा.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. चारच्या सुमारास. आधी कोणी आणलं असतं तर वाचले असते, असंही म्हणाले. डॉक्टरांना असं बोलायची सवय असते. उजवा अंगठा तेवढा वाकून घट्ट झाला होता, काही दाबत असल्यासारखा. तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही.

सोनूबाईला सुहासने कळवलं नाही. तेराव्याला ती एसटीने आली. आप्पांच्या फोटोला नमस्कार केला नाही. शेडमध्ये गेली, गाडीवरून हात फिरवला, योगिनीच्या हातचा चहा पिऊन साडेतीनच्या गाडीने परत गेली. सुहासने त्याच दिवशी शेडला कुलूप घातलं. तेव्हापासून हॉर्न वाजलेला नाही.

गोष्ट इथे संपते. पण एक राहिलंय, आणि ते मी सुहासला अजून सांगितलेलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी मी चिपळूणहून कारने येत होतो. निवळीच्या वळणावर तीनच्या सुमाराला होतो. रस्त्याच्या कडेला चिऱ्यावर एक माणूस हात वर करून बसलेला दिसला.

मी ओळखलं. आप्पाकाका होते. त्यांनीही मला ओळखलं. तोंड उघडून काहीतरी म्हणाले.

मी काच खाली केली, त्यांना हात केला, काच वर केली आणि निघून आलो.

मला कुठेही जायचं नव्हतं. कसलीही घाई नव्हती. गाडीत वितळण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं.